विलोमशब्द आणि मुक्त गट

अक्षरांचा क्रम उलटा केला असता मिळणाऱ्या शब्दास मूळ शब्दाचा विलोम म्हणतात. क्रम उलटूनही शब्द जसाच्या तसा राहत असल्यास त्यास प्रस्तुत लेखात समविलोम म्हटले आहे. संस्कृत काव्यशास्त्रात अशा रचनांना गतप्रत्यागत, अनुलोमप्रतिलोम इ. नावे असून त्यांचा समावेश चित्रकाव्यात होतो. विसाव्या शतकात हीच कल्पना अमूर्त बीजगणितातील मुक्त गटांच्या अभ्यासात स्वतंत्रपणे पुढे आली व कोणता शब्द गटाचा जनक होऊ शकतो, या प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध असल्याचे दिसून आले. मराठवाड्याच्या इतिहासात या विषयाला एक वेगळेच महत्त्व आहे. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूर येथील सूर्यदास या गणितज्ञाने विलोमकाव्य रचले आणि गणितातील विलोमविधीवर भाष्यही लिहिले. एकाच नावाच्या या दोन क्रिया कोठे सारख्या व कोठे भिन्न आहेत, हे मुक्त गटाच्या उपपत्तीमुळे नेमके सांगता येते.

एककाचा प्रश्न : शब्द उलटण्यापूर्वी तो कोणत्या एककांचा बनलेला आहे हे ठरवावे लागते. ‘राम’ या शब्दाचे एकक अक्षर धरले, तर त्याचा विलोम ‘मरा’ होतो. वाल्मीकीच्या कथेमुळे हे उदाहरण सर्वपरिचित आहे. एकक वर्ण धरले, तर र्, आ, म्, अ हा क्रम उलटून ‘अमार्’ असा निराळाच शब्द मिळतो. भारतीय परंपरेने पहिला पर्याय स्वीकारला आहे. स्वर आपल्या व्यंजनासह फिरतो आणि संयुक्ताक्षर न फुटता एकसंध राहते. मराठीत मुलांच्या तोंडी असलेली ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’ व ‘टेप आणा आपटे’ ही वाक्ये या नियमाने काटेकोर समविलोम आहेत. ‘चिमा काय कामाची’ या वाक्यात मात्र आरंभीची ‘चि’ ऱ्हस्व व अखेरची ‘ची’ दीर्घ असल्याने थोडी सवलत घ्यावी लागते. अशा सवलती शास्त्रकारांनीही मान्य केल्या होत्या. अनुस्वार व विसर्ग यांच्या कमीअधिकपणामुळे चित्रबंध भंगत नाही आणि ब व व यांसारख्या वर्णांत भेद मानू नये, असा संकेत रूढ होता.

काव्यपरंपरा : शब्दांचा क्रम उलटण्याची सर्वांत जुनी शिस्त वेदपठणात आढळते. जटापाठात लगतची दोन पदे सरळ, उलट व पुन्हा सरळ अशी म्हटली जातात. घनपाठात हा क्रम तीन पदांपर्यंत वाढतो. येथे एकक अक्षर नसून पद आहे आणि हेतू पाठ अविकृत राखण्याचा आहे. अभिजात काव्यात हेतू बदलला. भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा व माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा सर्ग हे युद्धवर्णनाचे सर्ग असून त्यांत गतप्रत्यागत, सर्वतोभद्र इ. बंध आले आहेत. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात या दुष्कर रचनांचे विवेचन केले. ध्वनिसिद्धांताच्या प्रस्थापनेनंतर मात्र त्यांची प्रतिष्ठा घटली; मम्मटाने चित्रकाव्यास काव्याच्या तीन प्रकारांत शेवटचे स्थान दिले. सूर्यदासाच्या काव्याकडे पुढील काळात बहुधा कुतूहलाचा विषय म्हणूनच पाहिले गेले, यामागे हा वाङ्‌मयीन निवाडा आहे.

पार्थपूरचे ज्योतिषी घराणे : यादवकाळात देवगिरीच्या आश्रयाने गणित व ज्योतिष यांच्या अध्ययनाला स्थैर्य लाभले होते. भास्कराचार्यांचा (जन्म १११४) नातू चंगदेव हा सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने मठ स्थापन केला. त्यास दिलेल्या दानांची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात असून त्यात शके ११२८ चा उल्लेख आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवसत्ता लयास गेल्यावरही अध्ययनाची ही परंपरा गोदावरीच्या खोऱ्यातील काही घराण्यांत टिकून राहिली. त्यांपैकी एक पार्थपूरचे होय. पार्थपूर म्हणजे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) महसुली विभागातील परभणी जिल्ह्यातील पाथरी, असे मानले जाते.

या घराण्यातील ज्ञानराजाने सिद्धांतसुंदर हा ग्रंथ रचला. त्याचा काळ शके १४२५ (इ. स. १५०३) च्या सुमाराचा आहे. चिंतामणी व सूर्यदास हे त्याचे पुत्र. चिंतामणीने पित्याच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदास (जन्म सु. १५०७) सूर्य पंडित, दैवज्ञ सूर्य अशा नावांनीही ओळखला जातो. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्याने सूर्यप्रकाश (१५३८) व लीलावतीवर गणितामृतकूपिका (१५४१) अशा टीका लिहिल्या. गीतेवरील परमार्थप्रपा ही टीका व नृसिंहचंपू हे काव्यही त्याच्या नावावर आहे. त्याच्या हयातीत पाथरीचा मुलूख शांत नव्हता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात पाथरीच्या ताब्यावरून वारंवार युद्धे झाली. गोदावरीकाठच्या गोळग्रामच्या ज्योतिषी घराण्यातील पंडित पुढे काशीस जाऊन राहिले. मराठी वाचकांना या घराण्यांचा शास्त्रीय परिचय मुख्यत्वे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासामुळे (१८९६) झाला.

रामकृष्णविलोमकाव्य : सूर्यदासाच्या या काव्यात छत्तीसच्या आसपास श्लोक आहेत. श्लोकाचा पूर्वार्ध रामपर असून त्याचीच अक्षरे अखेरपासून आरंभाकडे मांडून उत्तरार्ध सिद्ध होतो. हा उत्तरार्ध कृष्णपर आहे. म्हणजे दोन्ही अर्ध परस्परांचे विलोम असून संपूर्ण श्लोक समविलोम आहे. कांचीपुरम परिसरातील वेंकटाध्वरी याच्या सतराव्या शतकातील राघवयादवीय या काव्याची कल्पना हीच आहे. तथापि तेथे रामपर श्लोक उलटून कृष्णपर असा स्वतंत्र श्लोक मिळतो. सूर्यदासाने दोन्ही चरित्रे एकाच श्लोकाच्या दोन अर्धांत बसविली आहेत.

या रचनेतील खरी अडचण अर्थाइतकीच वृत्ताचीही आहे. पहिल्या श्लोकाचे चरण अकरा अक्षरांचे आहेत. इंद्रवज्रा वृत्तात लघुगुरूंचा क्रम गा गा ल गा गा ल ल गा ल गा गा असा असतो. तो उलटा वाचल्यास पाचवे स्थान लघू व सातवे गुरू होते आणि वृत्त मोडते. तेव्हा अक्षरे तीच ठेवून त्यांपैकी काहींचे वजन मात्र वाचनाच्या दिशेनुसार बदलले पाहिजे. संयुक्ताक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वर गुरू मानला जातो, या नियमाचा कवीने येथे उपयोग केला आहे. पूर्वार्धातील दोन्ही चरणांत सहाव्या, म्हणजे बरोबर मधल्या स्थानी संयुक्ताक्षर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस ऱ्हस्व अक्षर आहे. सरळ वाचताना पाचवे अक्षर संयुक्ताक्षरापूर्वी येत असल्याने गुरू ठरते व सातवे लघू राहते. उलट वाचताना त्यांची स्थाने बदलतात. पूर्वीचे सातवे आता पाचवे होऊन गुरू ठरते आणि वृत्त जसेच्या तसे उभे राहते. अक्षर कोणत्याही दिशेने वाचले तरी तेच असते, पण त्याचे वजन शेजारच्या अक्षरावर अवलंबून असते, हे येथे अचूकपणे हेरलेले दिसते.

गणितातील विलोम : सूर्यदासाने ज्या लीलावतीवर टीका लिहिली, तीत विलोमविधी किंवा व्यस्तविधी नावाचे एक प्रकरण आहे. आर्यभटाने (४९९) हीच रीत एका आर्येत सांगितली होती. अज्ञात संख्येवर क्रमाने केलेल्या क्रिया व अखेरचे फल दिले असता मूळ संख्या काढावयाची, हा तिचा विषय होय. उदा., एका संख्येची तिप्पट करून तीत ४ मिळविले व बेरजेची निमपट केली असता ११ येतात. मूळ संख्येसाठी ११ ची दुप्पट (२२) करून तीतून ४ वजा करावे (१८) व ३ ने भागावे; उत्तर ६ येते. या रीतीत दोन गोष्टी एकदम घडतात. क्रियांचा क्रम उलटतो आणि प्रत्येक क्रियेच्या जागी तिची विरुद्ध क्रिया येते. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. विलोमकाव्यात यांपैकी पहिलीच गोष्ट घडते. अक्षराच्या जागी त्याचे ‘विरुद्ध अक्षर’ येत नाही, कारण भाषेत तसे काही नसते. यास्तव पुढील विवेचनात केवळ क्रम उलटण्यास ‘विलोम’ व दोन्ही बदलांस मिळून ‘व्यस्त’ असे म्हटले आहे.

याच टीकांतील आणखी एक विषय येथे महत्त्वाचा आहे. लीलावती व बीजगणित या दोन्ही ग्रंथांत कुट्टकाचे प्रकरण आहे. दोन संख्यांचे परस्परभाजन करीत, म्हणजे मोठीस लहानीने व लहानीस शेषाने असे भागत जाऊन, अनिश्चित समीकरणाची पूर्णांकी उत्तरे काढण्याची ही रीत होय. समान भाजकाने अपवर्तन केल्यावर ज्या संख्यांना १ खेरीज समान भाजक उरत नाही, त्यांना या शास्त्रात ‘दृढ’ म्हणतात.

मुक्त गट : ‘अ’ व ‘ब’ अशी दोन चिन्हे आणि त्यांची व्यस्ते ‘अ′’ व ‘ब′’ घेऊन तयार होणारे सर्व शब्द विचारात घ्यावेत. अ व अ′ किंवा ब व ब′ शेजारी आल्यास ती परस्परांस नाहीशी करतात, एवढा एकच नियम मानावा. दोन शब्द एकापुढे एक लिहिणे म्हणजे त्यांचा गुणाकार आणि रिक्त शब्द म्हणजे एकक घटक. अशा रीतीने मिळणाऱ्या गटास दोन जनकांचा मुक्त गट म्हणतात. जनकांवर दुसरे कोणतेही बंधन नसल्याने तो मुक्त होय. व्हाल्टर फोन डिक यांनी १८८२ मध्ये गटांची मांडणी जनक व संबंध यांच्या साहाय्याने केली, तेव्हा असे गट पुढे आले. यांचा पद्धतशीर अभ्यास डॅनिश गणितज्ञ याकोब नील्सेन यांनी १९१७ नंतरच्या दशकात केला.

अबब या शब्दाचे व्यस्त ब′ब′अ′ आहे. क्रम उलटला व प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याचे व्यस्त आले. लीलावतीतील विधीच हा. या शब्दाचा विलोम मात्र बबअ आहे. एखादा शब्द समविलोम आहे किंवा नाही, हे यावरून दुसऱ्या प्रकारेही सांगता येते. क्रम न बदलता प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याचे व्यस्त लिहिल्याने जर संपूर्ण शब्दाचे व्यस्त मिळत असेल, तर तो शब्द समविलोम होय. अबअ हा शब्द असा आहे, अबब नाही. काव्यातील व गणितातील विलोमांमधील अंतर ज्या शब्दांच्या बाबतीत नाहीसे होते, नेमके तेच समविलोम शब्द होत.

आद्य घटक व परस्परभाजन : मुक्त गटाचे जनक म्हणून अ व ब यांऐवजी दुसरी जोडीही घेता येते. उदा., अब व ब ही जोडी चालते, कारण अब च्या पुढे ब′ लिहिले की अ परत मिळतो. अशा कोणत्याही मुक्त जनकसंचाचा भाग होऊ शकणाऱ्या घटकास आद्य घटक म्हणतात. जनकांची एक जोडी दुसऱ्या जोडीत नेण्यासाठी काही साध्या फेरफारांची पुनरावृत्ती पुरेशी असते, हे नील्सेन यांनी दाखविले. एका जनकाचा दुसऱ्याशी गुणाकार करणे हा त्यांतील मुख्य फेरफार होय. दिलेला शब्द आद्य आहे काय, हे ठरविण्याची सर्वसाधारण रीत जे. एच. सी. व्हाइटहेड यांनी १९३६ मध्ये दिली.

दोन जनकांच्या गटात आद्य शब्दातील अ ची व ब ची बैजिक संख्या (अ′, ब′ ऋण धरून) नेहमी परस्परांशी दृढ असते. उलट, अशा प्रत्येक दृढ जोडीसाठी आद्य घटकांचा एकच संयुग्मी वर्ग असतो. संयुग्मी शब्द म्हणजे, आद्य शब्दांच्या बाबतीत सोप्या भाषेत, शब्द वर्तुळावर लिहून निरनिराळ्या ठिकाणांपासून वाचल्यास मिळणारे शब्द. ५ व ३ ही जोडी घेतल्यास अ, ब पासून क्रमाने अब, अअब, अअबअब व शेवटी अअबअअबअब हे शब्द मिळतात. प्रत्येक पायरीवर आधीच्या दोन शब्दांची जोडणी होते. त्यांतील अ व ब यांच्या संख्या पाहिल्या, तर ५ व ३ यांचे परस्परभाजन अखेरीकडून आरंभाकडे चाललेले दिसते. कुट्टकातील गणन व आद्य शब्दांची घडण यांच्या मुळाशी अशी एकच प्रक्रिया आहे.

समविलोमता व जनकत्व : समविलोम शब्दात पहिले अक्षर शेवटच्याशी, दुसरे शेवटून दुसऱ्याशी अशा जोड्या लागतात व प्रत्येक जोडीतील अक्षरे एकच असतात. म्हणून प्रत्येक जनकाची संख्या सम असते. केवळ मध्यावर एकटे राहिलेले अक्षर एका जनकाची संख्या विषम करू शकते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, अक्षरसंख्या सम असलेला समविलोम शब्द कधीही आद्य नसतो, कारण त्यात दोन्ही संख्या सम व म्हणून अदृढ असतात. सूर्यदासाचे श्लोक याच प्रकारात मोडतात. प्रत्येक अक्षर त्यांत दोनदा, एकदा रामासाठी व एकदा कृष्णासाठी येते. दोन, ज्या आद्य शब्दात दोन्ही संख्या विषम आहेत, त्याचा कोणताही संयुग्मी शब्द समविलोम होऊ शकत नाही.

उरलेल्या आद्य शब्दांविषयीचे उत्तर होकारार्थी आहे. एक संख्या सम असेल, तर संयुग्मी वर्गात समविलोम शब्द सापडतोच. अअबअब मधील पहिला अ अखेरीस नेला की अबअबअ हा समविलोम मिळतो. दोन्ही संख्या विषम असतील, तर शब्द दोन समविलोमांचा गुणाकार असतो. अअबअअबअब म्हणजे अअबअअ पुढे बअब. या विषयाचा मागोवा ई. बी. क्रिस्टॉफेल यांनी १८७५ मध्ये अभ्यासलेल्या शब्दांपर्यंत जातो. त्यांच्या पद्धतीच्या शब्दातील आरंभीचे व अखेरचे अक्षर वगळल्यास उरणारा गाभा समविलोम असतो; वरील आठ अक्षरी शब्दातून उरणारा अबअअबअ याची साक्ष देतो.

मुक्त गटाच्या समविलोमतेशी सुसंगत अशा स्वसमरूपतांचा अभ्यास डी. जे. कॉलिन्स यांनी १९९५ मध्ये केला. व्ही. जी. बार्डाकोव्ह, व्ही. श्पिलराइन व व्ही. तोल्स्तिख यांनी २००५ मध्ये सिद्ध केले की, दोन जनकांच्या मुक्त गटातील कोणताही आद्य घटक अधिकांत अधिक दोन समविलोमांचा गुणाकार असतो. परंतु गटातील सर्व घटकांसाठी अशी कोणतीही निश्चित मर्यादा नाही. तिसरा जनक ‘क’ घेतला, की आद्य घटकांसाठीही मर्यादा उरत नाही. अ व ब यांच्या कोणत्याही शब्दामागे एक क लिहिल्यास मिळणारा शब्द आद्यच असतो. तो ठरावीक संख्येच्या समविलोमांचा गुणाकार असता, तर त्यातील क पुसून टाकल्यावर मागे राहिलेला यादृच्छिक शब्दही तितक्याच समविलोमांचा गुणाकार ठरला असता. तसे घडत नाही. दोन जनकांपर्यंत असलेला हा सुसंवाद तिसऱ्या जनकाबरोबर संपतो. भारतात या दिशेने मोहाली येथील कृष्णेंदु गोंगोपाध्याय यांनी बार्डाकोव्ह यांच्यासह मुक्त शून्यघाती गटांतील समविलोम विस्ताराचा अभ्यास केला (२०१४).

मूल्यमापन : सूर्यदासास मुक्त गटाची कल्पना होती, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. विलोमकाव्य व विलोमविधी यांचा सांधा त्याने जोडला नाही. कुट्टकाचा शब्दरचनेशी असलेला संबंध आधुनिक काळातच उघड झाला. परस्परांना नाहीशी करणारी अक्षरे ही मुक्त गटाची गाभ्याची कल्पना काव्यात संभवतच नाही. प्राचीन ग्रंथांत अर्वाचीन उपपत्ती शोधण्याच्या वृत्तीने अशा ग्रंथकारांचे खरे कर्तृत्व झाकले जाते. तसेच, चित्रकाव्य म्हणजे केवळ शब्दांची कसरत या जुन्या निवाड्यानेही ते झाकले गेले आहे. गणिताच्या इतिहासात सूर्यदास टीकाकार म्हणून उरला आणि काव्याच्या इतिहासात एक चमत्कृती म्हणून. दोन्ही एकाच व्यक्तीचे कार्य आहे, याची दखल क्वचितच घेतली गेली.

क्रम उलटल्यावर काय टिकते व काय बदलते, हा प्रश्न त्याने दोन क्षेत्रांत हाताळला. गणितात त्याने परंपरागत विधीचे स्पष्टीकरण केले. काव्यात मात्र स्थिर अक्षर व चल वजन यांतील भेदाचा त्याने स्वतःच्या रचनेसाठी उपयोग करून घेतला. सूर्यप्रकाश या टीकेची पुष्पा कुमारी जैन यांनी संपादित केलेली आवृत्ती २००१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाली. अशा संपादनांमुळे पाथरीच्या या पंडिताचे गणिती लेखन मूळ स्वरूपात तपासणे शक्य झाले आहे. त्याच्या काव्यातील बंधांचे वृत्त व अक्षरक्रम यांच्या दृष्टीने असेच विश्लेषण झाल्यास मराठवाड्याच्या विद्यापरंपरेतील एका दुव्याचे यथार्थ मूल्य ठरविता येईल.